ट्रेलरमधली वीज आणि उपकरणं : बिघाड नेमका शोधायचा कसा

कॅम्पग्राउंडवर पोचून ट्रेलरचं, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायच्या चाकांवरच्या घराचं, दार उघडलं, दुधाच्या कॅनला हात लावला आणि तो कोमट लागला, की बहुतेकांचा हात लगेच फ्रिजच्या बटणांकडे जातो. फ्रिज बंद-चालू करून पाहतात, मग फोनवर नव्या कंट्रोल बोर्डची किंमत शोधायला लागतात. पुष्कळदा दोष फ्रिजमध्ये नसतोच. बॅटरी उतरलेली असते, टाकीचा व्हॉल्व्ह घाईने उघडल्यामुळे गॅस अडलेला असतो, किंवा फ्रिजच्या मागच्या कप्प्यातला प्लग प्रवासातल्या हादऱ्यांनी सॉकेटमधून सुटलेला असतो.

अमेरिकेत वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर घेऊन मुलाबाळांसह हिंडणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हा लेख आहे. माझं सांगणं एकच आहे : उपकरणाला हात लावण्याआधी त्याला मिळणारा पुरवठा तपासा, आणि तोही अंदाजाने नाही, मीटर लावून. वेळ आणि पैसा वाचतोच, पण गॅस आणि वीज जवळजवळ नांदतात त्या एवढ्याशा जागेत आपली माणसं झोपतात, म्हणून हा आग्रह.

तीन पुरवठे

ट्रेलरमध्ये तीन पुरवठे शेजारी शेजारी चालतात. कॅम्पग्राउंडच्या विजेच्या खांबावरून किंवा जनरेटरमधून येणारी १२० व्होल्टची एसी वीज, बॅटरीची १२ व्होल्टची डीसी वीज आणि प्रोपेन गॅस. एअर कंडिशनर, मायक्रोवेव्ह आणि भिंतीतली सॉकेटं १२० व्होल्टवर चालतात. दिवे, पाण्याचा पंप, फर्नेसचा (ट्रेलर उबदार ठेवणाऱ्या हीटरचा) पंखा आणि गॅसगळतीचा अलार्म १२ व्होल्टवर. फर्नेसची ऊब गॅसची. फ्रिज आणि गिझर मात्र बहुतेक ट्रेलरमध्ये गॅसवरही चालतात आणि १२० व्होल्टवरही.

नवख्या माणसाची गफलत होते ती इथे : फ्रिज, गिझर, फर्नेस यांचे कंट्रोल बोर्ड १२ व्होल्टवर चालतात, उष्णता कशाचीही असो. गॅसची टाकी काठोकाठ भरलेली आणि खांबावरची वीज उत्तम, तरी बॅटरीचा व्होल्टेज पडला की हे तिन्ही आडमुठेपणा करायला लागतात. म्हणून तक्रार कोणतीही असो, पहिलं माप बॅटरीचं घ्यायचं.

हत्यारं फार लागत नाहीत. एक साधा डिजिटल मल्टिमीटर, सॉकेटमध्ये खोचायचा तीन दिव्यांचा टेस्टर, दूरूनच वीज ओळखणारा पेन-टेस्टर, वेगवेगळ्या अँपिअरचे जादा फ्यूज, वायर ब्रश, पॉलिश पेपर, पाने आणि साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली. १२० व्होल्टचा वीजपेटारा उघडायचा असेल तर आधी खांबावरची केबल काढा. नुसता ब्रेकर पाडून भागत नाही. आणि गॅसचा वास आला तर तपासत बसू नका : कोणताही खटका न दाबता सगळ्यांना बाहेर काढा आणि टाक्या बंद करा.

खांबावरची वीज

केबल जोडण्याआधी खांबावरचा ब्रेकर पाडा आणि सॉकेटकडे नीट पाहा. भोकांभोवती तपकिरी डाग किंवा वितळलेलं प्लॅस्टिक दिसलं तर ऑफिसात सांगून दुसरी जागा मागा. आपल्या प्लगच्या पात्यांवर काळे चट्टे असतील तर ते पॉलिश पेपरने घासून वापरणं पुरेसं नाही, प्लग बदला. ढिल्या सॉकेटमध्ये प्लग तापतो आणि तापलेला प्लग पुढचं सॉकेटही खराब करतो.

मग ब्रेकर चढवून मीटरने मोजा. ३० अँपिअरच्या सॉकेटमध्ये दोन तिरकी भोकं आणि एक गोल असतं, गोल म्हणजे अर्थिंग. दोन तिरक्यांमध्ये १२० च्या आसपास, गोल आणि एका तिरक्यामध्ये तेवढंच, गोल आणि दुसऱ्या तिरक्यामध्ये शून्य, असं यायला हवं. घरी नवं सॉकेट बसवून घेणाऱ्यांनी हे माप चुकवूच नये. हे सॉकेट कपडे वाळवायच्या यंत्राच्या जुन्या सॉकेटसारखं दिसतं, त्यामुळे ट्रेलरशी ओळख नसलेले इलेक्ट्रिशियन त्याला २४० व्होल्ट जोडून देतात आणि आतलं बरंच काही एका क्षणात जळतं.

रोज हे मोजायचा कंटाळा असेल तर ईएमएस प्रकारचा, म्हणजे पुरवठ्यावर सतत नजर ठेवणारा, संरक्षक घ्या. साधा सर्ज प्रोटेक्टर फक्त विजेचा मोठा लोंढा अडवतो. ईएमएस चुकीची वायरिंग आणि तुटलेलं अर्थिंगही ओळखतो, आणि व्होल्टेज साधारण १०४ च्या खाली किंवा १३२ च्या वर गेला तर पुरवठाच तोडतो. जुलैच्या दुपारी, सगळ्या ट्रेलरांचे एसी एकदम चालू असतात तेव्हा, याचा उपयोग कळतो.

ट्रेलरच्या धातूला किंवा पायरीला हात लागल्यावर झिणझिण्या आल्या तर ती किरकोळ गोष्ट समजू नका. सांगाड्यात वीज उतरली आहे आणि अर्थिंग तुटलेलं आहे, असा त्याचा अर्थ. ओल्या गवतावर अनवाणी उभ्या असलेल्या मुलाच्या जिवावर बेतू शकतं. सुकी पादत्राणं घालून खांबावरचा ब्रेकर पाडा, केबल काढा, मुलांना लांब ठेवा आणि दोष सापडेपर्यंत पुन्हा जोडू नका.

ब्रेकर सारखा पडतो

३० अँपिअर गुणिले १२० व्होल्ट म्हणजे ३,६०० वॉट. सलग चालणाऱ्या भारासाठी त्याचे ८० टक्के, म्हणजे २४ अँपिअर धरा. छपरावरचा १३,५०० बीटीयूचा (बीटीयू हे गार करण्याच्या क्षमतेचं माप) एअर कंडिशनर, म्हणजे एसी, चालताना १२ ते १४ अँपिअर घेतो. गिझरचा १,४४० वॉटचा विजेचा एलिमेंट १२ अँपिअर. इथेच हिशोब भरला. त्यावर सकाळच्या चहासाठी १,५०० वॉटची किटली लावली की आणखी साडेबारा अँपिअर, आणि ब्रेकर पडणारच. यात बिघाड काहीच नाही. गिझर गॅसवर टाका. वरण-भाताला इन्स्टंट पॉट (विजेचा कुकर) लावायचा असेल तर सहा क्वार्टचं भांडं १,००० वॉट, म्हणजे आठ-साडेआठ अँपिअर घेतं. ते एसीबरोबर चालतं, पण तेव्हा मायक्रोवेव्ह नको.

५० अँपिअरच्या ट्रेलरला दोन फेज मिळतात, एकूण १२,००० वॉट, त्यामुळे ही ओढाताण तिथे सहसा नसते.

भार कमी असतानाही ब्रेकर पडत असेल तर सगळे आतले ब्रेकर पाडा, मुख्य चढवा आणि मग एकेक चढवत जा. ज्याच्यापाशी पडेल त्या वाटेवर दोष. घरच्या गॅरेजमधल्या जीएफसीआय सॉकेटवर (वीज जमिनीकडे गळली की पुरवठा तोडणाऱ्या सॉकेटवर) ट्रेलर लावला की ते लगेच पडतं, ही तक्रार नेहमीची आहे. आतले सगळे ब्रेकर पाडलेले असतानाही पडत असेल, तर ट्रेलरमध्ये न्यूट्रल आणि अर्थ कुठेतरी एकमेकांना चिकटले आहेत. गिझरचा फुटलेला एलिमेंट हा त्यातला पहिला संशयित. आणि ट्रेलरमधली दोन-तीनच सॉकेटं मेली असतील तर बाथरूममधल्या जीएफसीआयचं बटण दाबून पाहा. स्वयंपाकाच्या ओट्याजवळचं आणि बाहेरच्या भिंतीवरचं सॉकेट पुष्कळदा त्याच्याच मागे जोडलेलं असतं, आणि बाहेरच्यात पावसाचं पाणी शिरलं की आतली सगळी साखळी बंद पडते.

बारा व्होल्ट

या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण विचित्र वाटणाऱ्या तक्रारींचं मूळ बहुधा इथेच निघतं.

खांबावरची केबल काढा, सगळा भार बंद करा, बॅटरीला काही तास विसावा द्या आणि दोन्ही टोकांवर व्होल्टेज मोजा. लेड-अॅसिड बॅटरीत १२.६ ते १२.७ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. अर्ध्याच्या खाली वारंवार नेली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. लिथियम फॉस्फेट बॅटरी बहुतेक सगळा वेळ १३ च्या वर राहते आणि शेवटी एकदम कोसळते, त्यामुळे तिथे नुसत्या व्होल्टेजवरून अंदाज बांधू नका; शंट लावलेला, म्हणजे बॅटरीत येणारा-जाणारा प्रवाह मोजणारा, बॅटरी मॉनिटर घ्या.

आता केबल परत जोडा आणि तिथेच पुन्हा मोजा. आकडा वाढून १३.२ ते १४.४ च्या दरम्यान आला, तर कन्व्हर्टर काम करतोय. १२० व्होल्टचे १२ व्होल्ट करून बॅटरी भरणारा हा डबा फ्यूजपेटीच्या आत किंवा जवळ असतो. आकडा हललाच नाही तर या क्रमाने जा :

१. कन्व्हर्टरचा १२० व्होल्टचा ब्रेकर पाडून पुन्हा चढवा. नुसता पाहून कळत नाही. अर्धवट पडलेला ब्रेकर चढलेला दिसतो.

२. बॅटरी डिस्कनेक्टचा खटका पाहा. साठवणीच्या वेळी तो बंद केलेला असतो आणि तो बंद असेल तर बऱ्याच ट्रेलरांत बॅटरी भरतही नाही.

३. फ्यूजपेटीवर वेगळे बसवलेले ३० किंवा ४० अँपिअरचे फ्यूज काढून मीटरने तपासा. बॅटरी क्षणभर जरी उलटी जोडली गेली तरी हे उडतात. बॅटरी बदलल्यानंतर तक्रार सुरू झाली असेल तर थेट इथेच या.

४. कन्व्हर्टरच्या १२ व्होल्टच्या टोकांवर मोजा. तिथे १३.६ आहेत पण बॅटरीवर नाहीत, तर मधली वाट तुटली आहे : ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी चौकटीवरचा छोटा ब्रेकर किंवा फ्यूज, नाहीतर गंजलेला जोड. तिथेही १३.६ नाहीत आणि १२० व्होल्ट आत पोचतायत, तरच कन्व्हर्टर गेला म्हणायचा.

फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत : १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. पंधराच्या जागी तीसचा घातला तर फ्यूज टिकेल आणि वायर जळेल.

बॅटरी भरलेली आहे, फ्यूज शाबूत आहेत, तरी दिवे मंद आहेत किंवा पंप चालू झाला की दिवे मिणमिणतात, अशी तक्रार असेल तर भारावर मोजलं पाहिजे. फर्नेसचा पंखा चालू ठेवा. बॅटरीच्या टोकांवर मोजा, समजा १२.५. मग फर्नेसला येणाऱ्या वायरींवर मोजा. तिथे ११.३ आलं तर मधल्या १.२ व्होल्टचा रस्त्यात बळी जातोय. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त तूट दिसली की जोड शोधायला लागा, आणि सुरुवात अर्थिंगपासून करा. बॅटरीची पांढरी किंवा काळी निगेटिव्ह वायर ट्रेलरच्या लोखंडी चौकटीला एका स्क्रूने आवळलेली असते. बाहेरून घट्ट दिसते. स्क्रू काढलात की वायरच्या कडीखाली कारखान्यातला काळा रंग आणि त्यावर गंजाची भुरभुरीत चकती सापडते, म्हणजे वीज फक्त स्क्रूच्या आट्यांमधून जात होती. चौकटीवरचा रंग लखलखीत लोखंड दिसेपर्यंत घासा, कडी दोन्ही बाजूंनी घासा, दातेरी वॉशर घालून आवळा आणि वरून ग्रीस लावा. पुन्हा मोजा. बॅटरी, कन्व्हर्टर आणि फर्नेस असं सगळं बदलूनही न गेलेली तक्रार एवढ्यावर गेलेली मी पाहिली आहे.

बॅटरी किती पुरेल याचाही हिशोब आधीच करा, विशेषतः योसेमिटी राष्ट्रीय उद्यानासारख्या ठिकाणी जाणार असाल तर. तिथल्या कॅम्पग्राउंडमध्ये विजेची जोडणी नाही आणि जनरेटर ठरावीक वेळीच चालवता येतो. १०० अँपिअर-अवरच्या (अँपिअर गुणिले तास) लेड-अॅसिडमधले वापरण्याजोगे ५०. थंडीत फर्नेसचा पंखा ८ अँपिअर घेऊन आठ तासांच्या रात्रीत निम्मा वेळ चालला तर ३२ तिथेच गेले. बाकी दिवे, पंप, अलार्म. दुसऱ्या रात्री पहाटे फर्नेस बंद पडतो तो यामुळे. अलीकडच्या बऱ्याच ट्रेलरांत नुसता १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज असतो. गॅसची सोय त्याला नसते, त्यामुळे हा हिशोब आणखी कडक होतो.

गॅस

शेगडी पेटवून पाहा. सगळ्यात सोपी चाचणी हीच. दोन बर्नर मोठ्या निळ्या ज्योतीने जळत राहिले तर रेग्युलेटरपर्यंत सगळं ठीक आहे. ज्योत बारीक असेल आणि फर्नेस सुरू झाल्यावर आणखी झुकत असेल तर सुरक्षा व्हॉल्व्ह अडकला असण्याची शक्यता मोठी. टाकी झटक्यात उघडली की पुढे गळती आहे असं समजून तो प्रवाह जवळपास बंद करतो. सगळी गॅसची उपकरणं बंद करा, टाकी बंद करा, काही मिनिटं थांबा आणि व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडा. त्यानंतर आधी शेगडी पेटवा, म्हणजे नळीतली हवा निघून जाते, आणि मगच फ्रिज-गिझर चालू करा. जोडांवर साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे आले की गळती.

फ्रिज

गॅसवर आणि विजेवर चालणाऱ्या डोमेटिक किंवा नॉरकोल्डच्या अॅब्सॉर्प्शन फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. मागच्या बाजूला अमोनिया आणि पाण्याचं मिश्रण तापवलं जातं, अमोनियाची वाफ वर चढते, थंड होऊन द्रव होते, हायड्रोजनच्या सान्निध्यात पुन्हा उडते आणि उडताना आतली उष्णता ओढते. सगळा प्रवाह गुरुत्वाकर्षणावर. त्यामुळे ट्रेलर तिरका उभा असेल तर मिश्रण अडतं, आणि तसाच चालवत राहिलं तर नळ्या कायमच्या निकामी होऊ शकतात. ट्रेलर आधी समतल करा, मग फ्रिज चालू करा.

निदानाची खरी युक्ती म्हणजे दोन्ही इंधनांवर चालवून पाहणं. गॅसवर गार होतो पण विजेवर नाही : दोष विजेच्या बाजूला. बाहेरून मागची जाळी काढा, प्लग नीट बसला आहे का पाहा, त्या सॉकेटमध्ये १२० येतात का मोजा, बोर्डवरचा १२० व्होल्टचा फ्यूज तपासा. मग केबल काढून एलिमेंटच्या वायरी सोडवा आणि ओहम मोजा. ३०० वॉटच्या एलिमेंटला ४८ ओहमच्या जवळ यायला हवेत. मीटर अनंत दाखवत असेल तर एलिमेंट जळला. तो बदलणं स्वस्त आणि सोपं आहे.

विजेवर गार होतो पण गॅसवर नाही : बर्नर पाहा. वरच्या धुराड्यातून गंजाचे पापुद्रे सुटून बर्नरवर पडतात, आणि हिवाळाभर बंद राहिलेल्या ट्रेलरमध्ये कोळी जाळं करतात. ज्योत पिवळी आणि लोळणारी असेल तर कचरा आहे. गॅस बंद करून ब्रशने आणि दाबाच्या हवेने साफ करा. बर्नरच्या बारीक छिद्रात मात्र तार किंवा टाचणी घालू नका; छिद्र मोठं झालं की ज्योत कायमची बिघडते. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यासारख्या सुमारे ७,००० फुटांवरच्या जागी गॅसची ज्योत अधूनमधून विझू शकते. उत्पादकांच्या पुस्तिकांत ५,५०० फुटांवर असं होऊ शकतं अशी सूचना असते. तिथे बिघाड शोधत बसू नका, जोडणी असेल तर विजेवर टाका.

दोन्हींवर मागची नळी तापते, ट्रेलर समतल आहे, तरीही आत गारवा नाही, तर गार करणारा भागच गेला. अमोनियाचा झोंबणारा वास आला किंवा मागे पिवळी पूड दिसली तर फ्रिज तात्काळ बंद करा, खिडक्या उघडा आणि पुन्हा चालू करू नका.

असा फ्रिज नीट गार व्हायला अर्धा दिवस लागतो, म्हणून निघण्याच्या आदल्या रात्रीच चालू करा आणि घरून गार केलेलंच सामान भरा. आत थर्मामीटर ठेवा. ४० अंश फॅरनहाइटच्या वर दोन तासांहून जास्त राहिलेलं दूध, मांस, शिजवलेलं अन्न टाकून द्या.

गिझर आणि फर्नेस

गिझरच्या बाबतीतही दोन इंधनांची तीच चाचणी. पण त्याआधी बायपासचे, म्हणजे टाकी टाळून पाणी पुढे नेणारे, व्हॉल्व्ह पाहा. हिवाळ्याआधी गोठणविरोधी द्रव भरताना ते फिरवलेले असतात, आणि वसंतात परत फिरवायचे राहिले तर टाकीत पाणीच जात नाही. रिकाम्या टाकीत विजेचा एलिमेंट चालू केला तर तो लगेच जळतो. १,४४० वॉटच्या चांगल्या एलिमेंटला १० ओहम येतात. सबर्बन कंपनीच्या गिझरला बाहेरच्या झाकणाआड एक छोटा खटका असतो, तो कुणी बंद केलाय का तेही पाहा. त्याच गिझरातला अॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः झिजणारी सळई) दरवर्षी काढून बघा. तीन चतुर्थांश झिजला असेल तर नवा घाला. काढण्याआधी गिझर पूर्ण गार होऊ द्या आणि पाण्याचा दाब सोडा, नाहीतर उकळतं पाणी अंगावर येईल.

फर्नेसचा क्रम कान देऊन ऐका. थर्मोस्टॅट सांगतो, पंखा सुरू होतो, वाऱ्याने सेल स्विचची (वारा पुरेसा आहे का ते ओळखणाऱ्या खटक्याची) पाती हलते, मग गॅसचा व्हॉल्व्ह टकदिशी उघडतो, ठिणग्या पडतात आणि ज्योत पेटते. पंखा फिरतोय पण टक आणि ठिणगीचा आवाजच नाही, तर पहिलं कारण कमी व्होल्टेज : पंखा मंद, वारा अपुरा, पाती हलत नाही. नंतर सेल स्विचवरचे केस आणि धूळ, झाकलेल्या जाळ्या, अंथरुणाखाली दबलेल्या नळ्या. ठिणगी पडते पण पेट घेत नाही, तर गॅसकडे वळा. ज्योत पेटून काही सेकंदांत विझत असेल तर ज्योत ओळखणारी सळई आणि तिची वायर पाहा.

एसी

पंखा चालतो पण कॉम्प्रेसर गुणगुणून थांबतो, तेव्हा आधी चालू स्थितीतला व्होल्टेज मोजा. १०५ च्या खाली असेल तर एसी बंद ठेवा, कॉम्प्रेसर जळेल. व्होल्टेज ठीक असेल तर संशय कपॅसिटरवर (कॉम्प्रेसरला सुरू व्हायला मदत करणाऱ्या भागावर), पण तो वीज तोडल्यावरही झटका देऊ शकतो, म्हणून अनुभव नसेल तर हात लावू नका. वारा कमी होऊन आत बर्फ धरला असेल तर काही वेळ फक्त पंखा चालवा, फिल्टर धुवा, आणि छतातली जाळी काढून पाहा : थंड हवा बाहेर येण्याऐवजी फटीतून परत आत ओढली जात असेल तर ती फट अॅल्युमिनियमच्या टेपने बंद करा.

वितळलेल्या वायरी, गळणारा रेग्युलेटर, फ्रिजची अमोनियाची नळी आणि फर्नेसची तडकलेली उष्णतापेटी ही प्रशिक्षित तंत्रज्ञाचीच कामं. वापरलेला ट्रेलर घेतला असेल तर ट्रेलरचा व्हीआयएन (वाहनाचा ओळख क्रमांक) आणि फ्रिजचं मॉडेल एनएचटीएसए या अमेरिकी वाहतूक-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून परत मागवणीची सूचना आहे का पाहा. काही गॅस फ्रिजांसाठी आगीच्या धोक्यामुळे अशा सूचना निघाल्या आहेत आणि ती दुरुस्ती मोफत होते. तंत्रज्ञाला बोलवाल तेव्हा बॅटरीचा विसाव्यातला व्होल्टेज, केबल जोडल्यावरचा व्होल्टेज, शेगडीची ज्योत कशी होती आणि उपकरण कोणत्या इंधनावर चाललं, एवढं कागदावर लिहून त्याच्या हातात द्या.